स्मार्ट कार्ड आहे म्हणून पासवर्ड कसाही चालत नाही

‘स्मार्ट कार्ड असेल तर पासवर्ड सोपा ठेवला तरी चालतो. चिपमधलं कुणी वाचू शकत नाही, तीन चुकांनंतर कार्ड लॉक होतं, आणि एकाच नोंदणीत सगळे सर्व्हर सुरक्षित,’ असा संदेश लॉगिनसाठी वापरायच्या चिपच्या कार्डाबद्दल सध्या फिरतो आहे. यातला एकही दावा पूर्ण खरा नाही.

चिप वाचता येत नाही? सुरक्षा-तज्ज्ञ पॉल कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवलं की चिप आकडेमोड करताना किती वीज ओढते ते बारकाईने मोजलं, तर आतली गुप्त किल्ली, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारा लांबलचक आकडा, काढता येते. पुढे त्यावर उपाय आले, चांगले आले. तरीही २०१७ मध्ये एस्टोनियातली चिप असलेली सुमारे साडेसात लाख ओळखपत्रं धोक्यात आली. तिथे तर कार्ड हातात घेण्याचीही गरज नव्हती. किल्ल्या बनवण्याची पद्धतच सदोष असल्याने सगळ्यांना खुल्या असलेल्या सार्वजनिक किल्लीवरून फक्त मालकाकडे असायची ती खासगी किल्ली काढणं शक्य होतं.

सगळ्यात फसवा दावा लॉकचा. चुका मोजते ती चिप. आतली माहिती एकदा बाहेर आली की मोजणारं कुणी उरत नाही. अनेक पद्धतींत पासवर्ड बरोबर आहे का हे कार्डालाच ताडता यावं म्हणून त्याच्या हॅशवर (उलट फिरवता न येणाऱ्या गणिताने पासवर्डपासून बनवलेल्या ठशावर) आधारलेलं एक मूल्य कार्डात ठेवतात. चोर ते मूल्य घेऊन स्वतःच्या संगणकावर लाखो पासवर्ड ताडून पाहतो. सर्व्हरला पत्ताही लागत नाही. सोपा पासवर्ड इथे काही मिनिटांत सापडतो. म्हणून चांगल्या पद्धतीत कार्डातलं मूल्य एकाच पासवर्डकडे बोट दाखवत नाही, अनेक पासवर्ड त्याला जुळतात. खरी पडताळणी सर्व्हरकडे होते, चुकाही तिथेच मोजल्या जातात, आणि लॉगिनच्या संदेशात सार्वजनिक किल्लीचं तंत्र असतं. नुसत्या हॅशवर हे साधत नाही.

एकदाच नोंदणी करून अनेक सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय मोठी आहे, हे मान्य. पण सगळ्या सर्व्हरकडे एकच सामायिक गुपित असेल, तर त्यांतला एक फुटला की तो दुसऱ्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो. लियाओ आणि वांग या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या अशा बहु-सर्व्हर पद्धतीत सर्व्हरचं सोंग घेता येतं, हे त्याच वर्षी श्यांग आणि शिह यांनी दाखवलं. त्यामुळे प्रत्येक सर्व्हरची किल्ली वेगळी हवी, सर्व्हरनेही आपली ओळख कार्डाला पटवून द्यायला हवी, आणि प्रत्येक सत्राची, म्हणजे प्रत्येक लॉगिनची, किल्ली नवी हवी.

अशा पद्धती सगळीकडे येईपर्यंत पासवर्ड लांब ठेवा, आणि कार्ड हरवलं तर त्याच दिवशी रद्द करून घ्या.