तीन-शून्य असताना चहा मांडू नये

युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची फायनल तिकडे शनिवारी रात्री नऊला सुरू व्हायची, म्हणजे आमच्याकडे रविवार लागून अर्धा तास झालेला. महिना मे, आठवडा बहुधा शेवटचा. २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणीत जातो आणि विदर्भात नवतपा लागतो. दिवसा पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि मध्यरात्री भिंतीला पाठ टेकवली तर भाकर टाकता येईल एवढी ती गरम. २०२६ पासून त्यांनी वेळ तीन तास अलीकडे ओढली, आमच्या रात्री साडेनऊवर आणली. बरं केलं. पण खेड्यातल्या आम्हा फुटबॉलवेड्यांची सगळी विद्या साडेबाराच्या हिशेबाने तयार झालेली आहे, आणि ती वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

आपली टीम हरली तर काही त्रास नसतो. टीव्ही बंद करायचा, सतरंजी झटकायची, झोपायचं. सरळ दोन-शून्यने जिंकली तरी फार काही नाही. खरी परीक्षा असते ती मागे पडून, बुडून, मग वर येऊन जिंकणाऱ्या टीमच्या चाहत्यांची. कारण गावात फायनलची सगळी तजवीज नव्वद मिनिटांची केलेली असते. बॅटरी नव्वद मिनिटांची, डेटा नव्वद मिनिटांचा, दूध तेवढंच, माणसांचा धीर तर त्याहून कमी. आणि कमबॅक म्हटलं की एक्स्ट्रा टाइम आला, पेनल्ट्या आल्या. मध्यंतर, वाया गेलेली मिनिटं, अर्ध्या तासाची जादा मॅच, पेनल्ट्या हे सगळं धरलं तर साडेबाराला बसलेला माणूस सव्वातीनच्या आत उठत नाही. कप उचललेला पाहायचा तर साडेतीन.

आधी बॅटरीचं बोलू. इन्व्हर्टरला १५० एएचची (म्हणजे अँपिअर-तासांची), १२ व्होल्टची बॅटरी असेल तर कागदावर १८०० वॅट-तास होतात. प्रत्यक्षात हाती लागतात बाराशेच्या आसपास. बत्तीस इंची एलईडी टीव्ही ५० वॅट खातो, सेट टॉप बॉक्स १५, दोन पंखे मिळून १५०. म्हणजे २१५ वॅटवर साडेपाच तास आरामात. मग कोणीतरी म्हणतो, "गरमी होऊन रायली बे, कूलर लाव ना." कूलरचे १८० आले की तेच साडेपाच तास तीनवर येतात. आणि बॅटरी चार वर्षं जुनी असली, तिच्या बुचांतले तरंगते दांडे कधीचे लाल खुणेखाली बसलेले असले, तर निम्मेच. वावधन सुटून लाइन साडेबारालाच गेली असं धरा. टीव्ही बरोबर पंचाहत्तराव्या मिनिटाला डोळे मिटतो. म्हणून एक दिवस आधी सहाही बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकून ठेवावं. बोअरचं पाणी टाकू नये, त्यातले क्षार प्लेटा खातात. आणि कूलर नकोच. एक तर त्याच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नाही. त्यापेक्षा गच्चीवर संध्याकाळी सातला दोन बादल्या पाणी मारावं, नऊला परत दोन, आणि टीव्हीच वर न्यावा.

लाइन राहिली तरी सुख नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेजची पाळी रात्रीची असली की ती येताच शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात. गावाला वेगळा फीडर नसेल तर व्होल्टेज असं कोसळतं की टीव्ही तग धरतो पण बॉक्स बंद पडून पुन्हा चालू होतो. त्याला सिग्नल धरायला दोन-तीन मिनिटं लागतात. शिवाय ज्याच्या संत्र्याला किंवा उन्हाळी भुईमुगाला ओलित चालू आहे, तो चाहता थ्री फेज आली म्हणून उठून वावरात जातो. स्प्रिंक्लरचे पाइप एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायला वीस मिनिटं. तो जाताना शून्य-एक असतं. परत येतो तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर पडलेले दिसतात आणि त्याला वाटतं, भांडणं लागली.

मोबाइलवर पाहणाऱ्यांची एक सोय आहे: रोजचा दीड जीबी डेटा रात्री बाराला नवा मिळतो, म्हणजे अख्खा कोटा मॅचसाठी शिल्लक. पण चित्र एचडीवर ठेवलं तर तो एक्स्ट्रा टाइमच्या आत संपतो, म्हणून ४८० वरच ठेवायचं. बॉल चण्याएवढा दिसेल, चालतं. यात दुसरीच गोम आहे. मोबाइलवरचा खेळ छत्रीवाल्या टीव्हीच्या वीस-तीस सेकंद तरी मागे असतो. त्यामुळे पलीकडच्या गल्लीत डिश असेल तर तिथली आरोळी आधी येते आणि इकडचे वीस जण पुढचा अर्धा मिनिट, गोल होणार हे ठाऊक असताना, कॉर्नर घ्यायला निघालेल्या माणसाकडे बघत बसतात. जन्मपत्रिका वाचून लग्नाला बसल्यासारखं. गावात सगळ्यांनी एक तर डिशवर पाहावं, नाही तर सगळ्यांनी मोबाइलवर. आणि पुण्याच्या होस्टेलवरच्या भाच्याला आधीच सांगून ठेवावं की फोन करू नको.

आता चहा. माझ्या मते कमबॅकचा सगळा इतिहास चहाच्या अंगाने लिहिता येईल.

२५ मे २००५, इस्तंबूल. नवतपा लागायचाच दिवस. मिलानच्या मालदिनीने पहिल्याच मिनिटाला गोल केला, मध्यंतराच्या आधी क्रेस्पोने दोन. लिव्हरपूल शून्य, मिलान तीन. अशा वेळी जगातल्या कोणत्याही गावात एक समजूतदार माणूस उठतो आणि म्हणतो, "जाऊ द्या, मी च्या मांडतो." वीस माणसांना अर्धा-अर्धा कप म्हणजे साधारण दीड लिटर. लिटरभर दूध, पाऊण लिटर पाणी, दीड पाव साखर, आलं ठेचून, पत्ती मूठभर. उकळताना पाव लिटर तसंच उडून जातं. एवढा गंज एका शेगडीवर उकळायला बारा मिनिटं, गाळून कपांत ओतायला तीन. त्रेपन्नाव्या मिनिटाला आत गेलेला माणूस अडुसष्टाव्याला ट्रे घेऊन बाहेर येतो. जेरार्डचा हेडर चोपन्नाव्या मिनिटाला, स्मिचेरचा छप्पन्नाव्याला, साठाव्याला आलोन्सोची पेनल्टी मिलानचा गोलकीपर दिदाने अडवली आणि परतलेला बॉल आलोन्सोनेच आत मारला. तीन-तीन. आलं ठेचून व्हायच्या आत.

चहावाल्याला काही सांगून पटत नाही. तो ट्रे हातात धरून विचारतो, "रिप्ले होय का हा?" तेवढ्यात कोणीतरी त्याला मिठी मारतो. वीस कप खाली. म्हणून नियम असा: गंज बेचाळिसाव्या मिनिटाला गॅसवर चढवावा, मध्यंतरात चहा वाटावा, शेहेचाळिसाव्याला कप रिकामे. तीन-शून्य असताना हात लावू नये. दूध सगळं वापरू नये, घरच्या मायच्या सकाळच्या चहाचं अर्धा लिटर बाजूला काढून ठेवावं; ते संपलं तर आपण जिंकलो काय नि हरलो काय, सकाळी सहाला सामना वेगळाच असतो.

चहासारखीच चप्पल. १९९९ सालच्या बार्सिलोनातल्या फायनलमध्ये बायर्नचा बास्लर सहाव्याच मिनिटाला गोल करून गेला आणि मँचेस्टर युनायटेड नव्वद मिनिटं मागेच. नव्वदावं मिनिट लागलं की आमच्याकडे लोक उठून दारात चपला शोधतात. वीस जोड, बहुतेक निळ्या पट्ट्यांच्या, अंधार. आपली जोडी सापडायला दोन-तीन मिनिटं जातात. त्या रात्री शेरिंगहॅमचा गोल एक्क्याण्णवाव्या मिनिटाला झाला आणि सोल्शेयरचा त्र्याण्णवाव्याला. दोन्ही चपलांत गेले असते. अर्थात यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. खुद्द युरोपियन फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष योहान्सन कप द्यायला म्हणून एक-शून्य असताना लिफ्टने खाली निघाले आणि मैदानावर पोचले तर जिंकणारे रडत होते आणि हरणारे नाचत होते. त्यांची लिफ्ट, आपली चप्पल.

इस्तंबूलला शेवट पेनल्ट्यांवर झाला. लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकने मिलानच्या शेवचेन्कोची शेवटची किक अडवली आणि लिव्हरपूल तीन-दोनने जिंकलं. घड्याळात आमचे पावणेतीन होऊन गेलेले. आता जल्लोष.

पहिला धोका डोक्यावर असतो. आनंदाच्या भरात एकाला खांद्यावर घ्यायची पद्धत आहे. उचलणाऱ्याचा खांदा साडेचार फुटांवर, बसलेल्याची उंची तीन फूट. साडेसात. खोलीचं छत साडेनऊ-दहा फूट आणि पंख्याची पाती आठ-साडेआठवर. वरच्याने हात वर करून "जितलो!" म्हटलं की संपलं. गच्चीवर पंखा नसतो, पण तिथे कठडा नसतो. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया मात्र असतात. तेव्हा उचलायचं असेल तर अंगणात उतरून उचलावं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभं राहून नाचायचं असेल तर एकीत एक अशा दोन घालाव्या, फरशीवर एकटीचे पाय फाकतात.

गुलाल दोन किलो पुरे. तो बहुधा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला, पडलेल्या पॅनेलकडचा उरलेला असतो, त्यामुळे कोणाचंच वाईट वाटत नाही. गाठी झाल्या असतील तर चाळून घ्यावा. नको म्हणूनही कोणी कूलर लावलाच असेल तर त्याच्या मागे उधळू नये. कूलर हवा मागून आणि बाजूंनी ओढतो, गुलाल ताट्यांत बसतो, पंप तेच पाणी फिरवत राहतो, आणि मिरग निघेपर्यंत टाकीतलं पाणी गुलाबी.

पण सगळ्यांत अवघड काम आवाजाचं. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, ते बरंच आहे. तोंडाला बंदी नाही, हे वाईट. कारण खेड्यात पावणेतीनला वीस माणसं एकदम ओरडली तर त्याचे अर्थ ठरलेले आहेत: साप, चोर, आग, नाही तर कोणी गेलं. शेजारची काकू विचारते, "कोन गेलं वो?" पलीकडून काठी आपटत म्हातारा येतो, "कुठी निंगाला साप?" आणि मे अखेर म्हणजे शिवारात उन्हाळी भुईमूग काढायला आलेला, त्यावर रानडुकरांचा डोळा, म्हणून मळ्यामळ्यात जागलीला माणसं. त्यांच्या भाषेत अशा आरोळीचा एकच अर्थ, कळप इकडे आला. एका मचाणावरून उलटी आरोळी येते, मग दुसऱ्या, मग पार नाल्यापलीकडून. पाच मिनिटांत सगळं शिवार आपल्या जल्लोषात सामील होतं आणि डुकरं बिचारी कुठे जावं म्हणून मधोमध उभी.

त्यात सुतळी बॉम्ब कदापि लावू नये. दिवाळीपासून मेपर्यंत पावसाळा नसतो, तेव्हा उरलेला बॉम्ब ओला असेल ही आशा खोटी. तो चांगला कोरडा असतो. जागलीवाले डुकरांसाठी तोच फोडतात, त्यामुळे त्यांची खात्रीच पटते आणि टॉर्च घेऊन माणसं गावाकडे धावतात. शिवाय घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग, बाजूला कुटार. एक ठिणगी आणि लिव्हरपूलचा कप तुम्हाला फार महागात पडतो.

टॉर्चवाल्यांत पोलीस पाटील असतातच. त्यांच्याशी बोलायला शांत डोक्याचा एक माणूस आधीच नेमून ठेवावा, कारण प्रश्न साधे असतात पण उत्तरं देता येत नाहीत.

"कोन जितलं?"

"लिव्हरपूल, पाटील."

"आपल्या तालुक्यात येते का?"

"नाई, इंग्लंडात."

"अन् हारलं कोन?"

"इटलीचे होते."

"मंग तुमचं काय त्यात?"

इथे वाद घालू नये. उरलेला चहा द्यावा.

चारच्या सुमारास सगळे पांगतात. कुत्री मात्र पाचपर्यंत जल्लोष करतात, त्यांना उशिरा कळलेलं असतं. मग सात वाजता पानठेल्यावर मॅच पुन्हा सुरू होते. तिथे बोलणारा नेहमी तोच असतो, जो तीन-शून्यला उठून घरी गेला, कूलरसमोर छान झोपला आणि पहाटे मोबाइलवर दोन मिनिटांची क्लिप पाहून आला. "मले तं हाफटाइमलेच माईत होतं भाऊ, हे पलटवते म्हनून. जेरार्डचा चेहराच सांगत होता." लोक ऐकतात. डुडेकने पाय कसे हलवले, तेही तो खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी घोळत उभ्या-उभ्या करून दाखवतो.

रात्रभर बसलेल्याचा गळा गेलेला असतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चारदा, ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली, आणि बर्फाचा गोळा नाही. तरी आवाज परत यायला दोन दिवस लागतातच. तो नुसता हात वर करतो. ठेलेवाला त्याच्याकडे वळून विचारतो, "काय भाऊ, तुमी नाई पायली का मॅच?"

तो बोटाने दाखवतो, एक खर्रा.