आमच्या वहिनीला मत कधी देता येईल?

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येऊन राहिलेत. दादानं स्विस नागरिकत्वासाठी अर्ज केला, हे निमित्त. एका काकांनी लिहिलं, "सुटला बाप्पा एकदाचा!" ते वाचून माझं डोकंच फिरलं. कशातून सुटला? काटोलच्या बागेतून? आईतून?

दादा-वहिनी सिंगापूरला राहतात. वहिनी मूळची स्विस. त्यांच्याकडे नियम असा की जोडीदार स्विस असेल आणि संसाराला सहा वर्षं झाली असतील, तर परदेशात बसूनही अर्ज करता येतो. फक्त त्या देशाशी जवळचं नातं दाखवावं लागतं. सहा वर्षांत निदान तीनदा, पाच-पाच दिवस तरी तिथे जाऊन राहिलेलं पाहिजे, भाषा यायला पाहिजे, ओळखीची माणसं पाहिजेत. दादा त्यात बसतो.

आणि आमची वहिनी?

१९ एप्रिल २०२४, लोकसभेचं मतदान. वहिनी तेव्हा नागपुरातच होती. आईचे गुडघे गेलेले, म्हणून तिला धरून केंद्रावर वहिनीच घेऊन गेली. मनपाची शाळा, वर कापडी मंडप, खाली तापलेली फरशी. रांगेतल्या बायांशी हिच्या मराठीत गप्पा सुरू. दाराशी पोलिसानं कार्ड मागितलं, तशी ती मुकाट्यानं बाजूला झाली. आईला आत मी नेलं. बाहेर आलो तर आईचं शाईचं बोट हातात धरून विचारते, "आई, मला कधी?"

आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही.

१९५५चा नागरिकत्व कायदा सांगतो की भारतीयाशी लग्न केलं असलं तरी अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेलं पाहिजे, त्यात शेवटचे बारा महिने सलग. सिंगापूरच्या संसारातला एक दिवसही त्यात धरत नाहीत. लेकीशी मराठीत बोलणं, दिवाळीला पुडाच्या वड्या करणं, आईच्या ऑपरेशनला रजा टाकून धावत येणं, हे सगळं शून्य!

ओसीआय कार्ड आहे तिच्याकडे, म्हणजे भारतीयाच्या परदेशी जोडीदारालाही मिळणारं, व्हिसाशिवाय इथे येऊन राहू देणारं कार्ड. ते असणं काही कमी नाही, मान्य. कार्डाला पाच वर्षं झाली की वर्षभर इथे राहून अर्ज करता येतो, हेही खरं. पण नोकरी आणि पोरीची शाळा सोडून वर्षभर यायचं कसं? त्या कार्डावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मार्च २०२०मध्ये सरकारनं ओसीआयवाल्यांचं येणं थांबवलं, तेव्हा दादा इथे बाबांजवळ होता आणि ती तिकडे अडकली. बाबांचं शेवटचं दर्शन तिला झालं नाही.

तेव्हापासून त्यांचं ठरलं होतं, घरात पासपोर्ट एकाच देशाचा पाहिजे. आणि तो भारताचाच घ्यायचा, ही वहिनीची इच्छा होती! स्वतःचा सोडावा लागेल हे माहीत असून. दार उघडलं ते फक्त तिकडचं. काका, तुम्ही पेढे कशाचे वाटून राहिले? दादाचं स्विस झालं की आपल्या कायद्यानं त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मग पुढच्या मतदानाला आईला केंद्रावर घेऊन गेले तरी दोघंही दाराबाहेरच. आणि भारतीयाची बायको म्हणून वहिनीला जी वाट होती, तीही बंद.

खोटी लग्नं लावून कागद करणारे असतात, ठीक आहे. त्यांना पकडा. चौकशी करा, मराठी-हिंदीची परीक्षा घ्या, काटोलला येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. स्विस लोक दादाची पारख करून घेतातच ना? आपणही करावी. पण निदान अर्ज तरी घ्या!

दादावर माझा राग नाही. दुपारी फोन केला तर त्याला धड बोलता येईना. वहिनीच मला समजावत होती.

मी आपल्या खासदारांच्या नावे पत्र लिहायला घेतलंय. कोणाच्या घरी अशी परदेशी सून किंवा जावई असेल तर मला मेसेज करा. सगळ्यांच्या सह्या एकत्र देऊ. आणि काकांनी ग्रुपवर वहिनीशी दोन शब्द बोलावे, तीही त्याच ग्रुपमध्ये आहे आणि तिला मराठी वाचता येतं.