सर्व्हर स्वतःला सांभाळतात, म्हणून माणूस नको?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय: "कॉम्प्युटर यंत्रणा आता स्वतःच स्वतःला सांभाळतात. बंद पडल्या की स्वतः उठतात, अपडेट आणि बॅकअप स्वतः घेतात. माणूस चुकतो, यंत्रणा चुकत नाही. आयबीएमने हे २००१ मध्येच सिद्ध केलं. सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम संपलं, त्यात करिअर करू नका." तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने विचारलं, "मावशी, लिनक्सचा क्लास सोडून देऊ का?" मी याच कामात आहे, सर्व्हर चालू ठेवणारी सिस्टिम अ‍ॅडमिन. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी आयबीएम. २००१ मध्ये तिथले संशोधनप्रमुख पॉल हॉर्न यांनी काही सिद्ध केलं नव्हतं, आवाहन केलं होतं: यंत्रणांचा गुंता माणसांच्या आवाक्याबाहेर चाललाय, म्हणून त्यांनी स्वतःला सांभाळायला शिकलं पाहिजे. २००३ मध्ये आयबीएमच्याच जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी ही कल्पना नीट मांडली. यंत्रणा स्वतःला सांभाळेल ती प्रशासकांनी ठरवून दिलेल्या उद्दिष्टांनुसार, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे मेसेज ज्याला घरी बसवतोय, तोच माणूस मूळ कल्पनेत धरलेला आहे.

"बंद पडलं की स्वतः उठतं." हे अर्धं खरं आहे, मान्य. कुबरनेटीज हे सर्व्हरवरचे प्रोग्राम चालते ठेवणारं सॉफ्टवेअर कोसळलेला कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) पुन्हा सुरू करतं, एक सर्व्हर गेला तर काम दुसऱ्यावर हलवतं. आमच्या कितीतरी रात्री त्यामुळे शांत जातात. पण रिस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे. कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचा पत्ताच चुकला असेल, तर कंटेनर उठतो, पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. कुबरनेटीज दोन प्रयत्नांमधलं अंतर पाच मिनिटांपर्यंत वाढवत नेतं, बस. पत्ता कोणीतरी शोधून बदलावाच लागतो.

अपडेटचं थोडक्यात: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपोआप पोहोचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. त्यातल्या असंख्य मशीनसमोर माणसांनी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढली.

आता "यंत्रणा चुकत नाही". खरा संताप या वाक्याचा येतो, कारण यावर विश्वास ठेवून लोक माणसं कमी करतात.

२० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या उत्तर व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये (डेटा सेंटरांच्या समूहात) काय झालं, ते कंपनीनेच अहवालात लिहिलंय. तिथे डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या) ताज्या ठेवण्याचं काम पूर्ण स्वयंचलित होतं. एक भाग या नोंदींचा प्लॅन बनवायचा. तो लागू करायला 'एनॅक्टर' होते, एकमेकांपासून स्वतंत्र असे तीन, म्हणजे एक अडला तरी काम थांबू नये. त्या रात्री एक एनॅक्टर रेंगाळला. तोवर दुसऱ्याने नवा प्लॅन लावला आणि जुने प्लॅन पुसायला घेतले. तेवढ्यात रेंगाळलेल्याने आपला जुना प्लॅन नव्यावर चढवला. आपला प्लॅन शिळा नाही ना, हे त्याने तपासलं होतं, पण खूप आधी. मग साफसफाईत तोच जुना प्लॅन पुसला गेला आणि डीएनएसची नोंद रिकामी झाली, म्हणजे सेवेचा पत्ताच सापडेना. ती भरून काढणं स्वयंचलित यंत्रणेला जमेना, कारण ती स्वतःच विसंगत अवस्थेत अडकली होती. शेवटी माणसांनी हाताने नोंद परत आणली. त्यात अडीच तासांहून जास्त वेळ गेला.

तिथेही संपलं नाही. नवे सर्व्हर देणारी यंत्रणा साचलेल्या कामाखाली दबली. एक काम पुरं होण्याआधी त्याची ठरलेली वेळ संपायची (टाइमआउट) आणि ते पुन्हा रांगेत यायचं. यातून सावरायची ठरलेली पद्धतच नव्हती, असं अहवाल सांगतो. इंजिनिअरांनी येणारं काम रोखलं, त्या यंत्रणेचे निवडक होस्ट (सर्व्हर) रिस्टार्ट केले आणि वाट काढली. त्यानंतर कंपनीने ती डीएनएस ऑटोमेशन जगभर बंद ठेवली.

मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की सोपी कामं यंत्राकडे गेली की माणसाकडे सगळ्यात अवघड तेवढी उरतात, आणि तीही सराव सुटल्यावर. म्हणून भाच्याला सांगितलं, क्लास सोडू नकोस, डीएनएस आणि लॉग (यंत्रणेत काय घडलं त्याच्या नोंदी) वाचायला शिकणं तर अजिबात सोडू नकोस. हाताने तीच तीच कामं करणाऱ्या नोकऱ्या कमी होतायत, हेही त्याला लपवलं नाही.

राहिला बॅकअप. रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत जुळवत ठेवलेली दुसरी प्रत, हा बॅकअप नव्हे. इकडे पुसलेलं तिकडेही लगेच पुसलं जातं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा डिलीट झाला. रोज आपोआप होणारा बॅकअप शोधला तर जागा रिकामी. डेटाबेसची आणि बॅकअपच्या साधनाची आवृत्ती जुळत नव्हती, म्हणून तो होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. कंपनी वाचली ती सुमारे सहा तास आधी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीमुळे). त्यानंतरच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. तुमच्याकडे बॅकअप 'आपोआप' होत असेल, तर तो या आठवड्यात एकदा रिस्टोअर करून बघा.