आमच्यात कोणी चोर नाही

रॉसचा पूल फार सुंदर आहे म्हणतात. मी तो गाडीच्या आरशात पाहिला, तोही अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात आमचे बाबा उभे होते.

रॉस हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावरचं चिमुकलं गाव, होबार्ट-लॉन्सेस्टन रस्त्यावरचं. मेलबर्नचे लोक जिलाँगला गाडीसकट बोटीत चढतात, रात्रभर डुलतात आणि सकाळी डेव्हनपोर्टला उतरतात. बेटावर बाहेरची ताजी फळं-भाजी नेता येत नाही, त्यामुळे तपासणीत आईचा कढीपत्ता, कोथिंबीर आणि मिरच्या सरकारजमा झाल्या. १८५३ पर्यंत ज्या बेटानं इंग्रजांनी शिक्षा म्हणून धाडलेले सुमारे ७५ हजार गुन्हेगार उतरवून घेतले, त्याला आमचा कढीपत्ता चालेना! आई नंतर दोन जेवणं गप्प होती. पोह्यात नुसती मोहरी बघून तर तिनं डोळेच मिटले.

असो. मुद्दा कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, मागे घेण्याचा.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगतो: चाक उजवीकडे फिरवलं की कॅरव्हॅन डावीकडे जाते. लगेच जात नाही. आधी विचार करते, मग एकदम जाते. नदीकाठच्या कॅरव्हॅन पार्कात, पुलाच्या अगदी शेजारी, आम्हाला जागा मिळाली होती. बायको मागे उभी राहून हात हलवत होती. ते हात ‘ये’ म्हणत होते की ‘अरे देवा’ म्हणत होते, हे आरशात कळत नव्हतं. त्यात बाबा एसटीतून निवृत्त. त्यांनी कॅरव्हॅनच्या पत्र्यावर थाप मारायला सुरुवात केली. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पण थापांचा हिशेब पुढे गाडीत बसून कसा लागणार? मी थांबलो की ते दोन मारायचे, मी निघालो की एक.

आणि शेजारच्या जागेवर, घडीच्या खुर्चीत, पोटावर चहाचा मग ठेवून, एक गृहस्थ बसले होते. सत्तरीचे असतील. पायात रबरी सपाता, शेजारी एक जाडं कुत्रं. त्या दोघांनी आपापल्या माना आमच्या कॅरव्हॅनबरोबर डावी-उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. मला कुत्र्याचा जास्त राग आला.

“मेट,” ते म्हणाले, “हात चाकाच्या खालच्या बाजूला धर. हात जिकडे, कॅरव्हॅन तिकडे.”

मला मदत नको होती. मी काच थोडी वर केली.

“मेट, पहिल्यांदाच का?”

काच पूर्ण वर केली. तर ते उठले, चहा कुत्र्याजवळ ठेवला आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. एखाद्या परक्या माणसानं तुमच्या गाडीचं दार उघडून, हसतमुखानं, तुम्ही उतरायची वाट बघावी, यावर आपल्या संस्कारांत काही उत्तर नाही. मी उतरलो. त्यांनी एका दमात कॅरव्हॅन अशी लावली की दोन्ही बाजूंना सारखी जागा. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी दहावीला शाळेत पहिला आल्यावर त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं होतं.

आता उपकार झालेच होते, तर गप्पा आल्या.

“कुठून आलात?”

“मेलबर्न.”

“तसं नाही. मूळचे कुठले?”

हा प्रश्न मला इथे दूधवाल्यापासून दातवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. मी तो उलट विचारला. गृहस्थांचा चेहरा फुलला. त्याचीच वाट बघत होते!

“माझा खापरपणजोबा,” ते म्हणाले, “मेंढ्या चोरायचा.”

मग अर्धा तास मेंढ्या. किती, कुणाच्या, कोणत्या जत्रेत विकताना पकडला, न्यायाधीश काय म्हणाला, बोटीत किती महिने. मोबाइलवर कैद्यांच्या नोंदवहीचं पान: उंची, केसांचा रंग, नाकाचा आकार. “बघ, माझंच नाक!” नाक खरंच तेच होतं. आपल्याकडे काळ्या पाण्यावर गेलेल्या चोराचं नाव वंशावळीतून खरवडतात. इथेही एके काळी तेच होतं. बदनामी नको म्हणून १८५६ साली आख्ख्या बेटाचंच नाव बदललं, व्हॅन डीमन्स लँडचं टास्मानिया केलं. आता नातवंडं चोर शोधायला वर्गणी भरतात, आणि नाही सापडला तर खट्टू होतात.

पुलाची गोष्टही त्यांनीच सांगितली. १८३६ साली पूर्ण झाला, कैद्यांनी बांधला. डॅनियल हर्बर्ट आणि जेम्स कोलबेक हे पाथरवट, दोघेही शिक्षा होऊन आलेले. कमानींवर १८६ दगड कोरले आणि त्या कामाबद्दल त्यांना माफी मिळाली. त्यातला एक चेहरा म्हणे जॉर्गन जॉर्गनसनचा. या डॅनिश गड्यानं १८०९ च्या उन्हाळ्यात आइसलँडचा कारभार बळकावून स्वतःला सर्वेसर्वा जाहीर केलं होतं. पुढे जन्मठेप होऊन इथे आला आणि इथे चक्क पोलीस झाला. मला हा माणूस मनापासून आवडला. पण तेवढ्यात गृहस्थांनी विचारलं, “आणि तुमच्यात? कुणी कैदी?”

मी म्हणालो, नाही. आमच्यात कोणी चोर नाही.

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. खरंच, सहानुभूतीनं!

इथे माझं डोकं सटकलं. त्यांच्या खापरपणजोबाला या देशात यायला एक गुन्हा पुरला, तिकीट सरकारचं. मला इंग्रजीची परीक्षा, कौशल्याची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला लागला. इतकं करून नागरिक झालो, कर भरतो, निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभं राहून मत देतो, आणि ‘मूळचे कुठले’ मलाच. मेंढीचोराचा नातू इथला आणि दाखलेवाला बाहेरचा. हे मी बोललो नाही. मनात मात्र व्यवस्थित, मुद्देसूद बोललो.

बाबा मात्र पुढे सरकले. “माय अंकल,” ते म्हणाले, “नाइन्टीन फॉर्टी टू. जेल. ब्रिटिश.”

“इंग्रजांनी?” गृहस्थ ताडकन उठले. “आमच्यालाही त्यांनीच!”

दोघांनी हात मिळवले. कुत्रंही उठलं. बेचाळीसची चळवळ, मेंढ्या, इंग्रजांचा दुष्टपणा, सगळं एकाच कढईत पडलं. बाबांचे काका बेचाळीस साली एक रात्र आत होते हे खरं आहे. पण ते विनादिव्याची सायकल चालवल्याबद्दल, हे आमच्या घरात आजीनं शंभरदा सांगितलेलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुलाकडे पाहिलं.

मग दोघे गाव बघायला गेले. रॉसच्या मुख्य चौकाचे चार कोपरे प्रसिद्ध आहेत: एकावर दारूचा गुत्ता, म्हणजे मोह, दुसऱ्यावर टाउन हॉल, म्हणजे करमणूक, तिसऱ्यावर चर्च, म्हणजे मुक्ती, चौथ्यावर जुना तुरुंग, म्हणजे अधोगती. चारही कोपरे बाबांनी त्यांच्याबरोबर पाहिले, पहिल्यावर जरा जास्त वेळ थांबून. त्या वेळात मी कॅरव्हॅनच्या संडासाची टाकी रिकामी करत होतो. ती कशी करतात हे लिहिणार नाही, पण तिथेही एक वेगळे गृहस्थ सूचना द्यायला हजर होते.

संध्याकाळी बाबांनी फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. पुलासमोर दोघे खांद्यावर हात टाकून, खाली मजकूर: ‘ब्रिटिश सत्तेचे बळी ठरलेल्या दोन घराण्यांचे वंशज.’ धडाधड नमस्कार आणि तिरंगे आले. मग साताऱ्याच्या आत्यानं विचारलं, “मागे गाडीपाशी बादली घेऊन उभाय तो ड्रायव्हर का? नीट चालवतो ना?”

बाबांनी लिहिलं, “पुढे नीट चालवतो.”