‘फक्त चिन्ह बदला’ म्हणे! लंब रेषेची ही ट्रिक काढली कोणी?

काल अमळनेरहून भाचीचा फोन, "मामा, ट्रिकनं केलं तरी उत्तर जुळत नाहीये." अकरावीला आहे ती. ट्रिक म्हणजे ‘लंब रेषेचं समीकरण ५ सेकंदात’ हा फॉरवर्ड, जो तिच्या बापानं, म्हणजे आमच्या दाजींनी, मलाही पाठवलाय, वर हात जोडून.

पहिलाच मुद्दा, ‘चढाचं फक्त चिन्ह बदला’. चढ म्हणजे स्लोप, रेषा किती तिरकी ते सांगणारी संख्या. अरे भो, असं कसं? लंब, म्हणजे काटकोनात छेदणाऱ्या, दोन रेषांच्या चढांचा गुणाकार मायनस १ यायला पाहिजे, म्हणजे चिन्ह तर बदलायचंच पण अपूर्णांक उलटाही करायचा, २ चा मायनस १/२. नुसता मायनस २ घेतला तर गुणाकार येतो मायनस ४ आणि दोन रेषांमधला कोन साधारण ५३ अंश. अशी भिंत आखायला सांगितली तर आमच्याकडचा गवंडी गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) टाकून घरी जाईल. खरी लबाडी तर उदाहरणात आहे, त्यात घेतलंय वाय = एक्स + ३. चढ १, आणि १ उलटा केला तरी १च! म्हणून तिथं मायनस १ बरोबर येतो आणि वाचणारा खुश. १ आणि मायनस १ सोडून कुठलाही चढ घ्या, ट्रिक आपटते.

दुसरा मुद्दा, ‘एक्स-वायचे गुणक अदलाबदल करा, एकाचं चिन्ह फिरवा, शेवटची संख्या तीच ठेवा’. बरं, अर्धं खरंय, मान्य. ३एक्स + ४वाय − १२ = ० ला लंब रेषा ४एक्स − ३वाय + के = ० अशीच असते. पण के, म्हणजे ती शेवटची संख्या, कुठून आणायची? दिलेल्या बिंदूतून. बिंदू (२, ५) असेल तर ८ − १५ + के = ०, के ७. तिथं मायनस १२ च ठेवलात तर रेषा लंब राहील, पण त्या बिंदूतून जाणारच नाही, आणि भाचीचं नेमकं इथंच अडलेलं.

तिसरा, ‘उभी रेषा आली तर प्रश्नच चुकीचा’. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात हा गुणाकाराचा नियम सांगतानाच ‘उभ्या नसलेल्या रेषा’ असं स्पष्ट लिहिलंय. उभ्या रेषेला चढच नसतो, मग गुणाकार कशाचा करणार? पण प्रश्न बरोबरच असतो, एक्स = ४ ला (४, ७) मधून लंब म्हणजे वाय = ७, संपलं.

‘ग्राफवर काटकोन दिसला की झालं’ हा चौथा. दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं असलं की काटकोनही तिरपा दिसतो.

भाचीनं रात्री वहीचा फोटो पाठवला, के ७. दाजींनी मेसेज अजून डिलीट केलेला नाही.