खरा पैसा थिएटरात

जुन्या हॉलिवूडचा स्टुडिओ चालवायच्या गेमवरचा लेख छान, पण सगळा भर नट-नट्यांच्या करारांवर दिलाय. अहो, त्या काळी खरी चावी थिएटरांकडे होती! पॅरामाउंट, वॉर्नर या बड्या स्टुडिओंची स्वतःची थिएटरं होती. बाकीच्या थिएटरवाल्यांना एका गाजणाऱ्या सिनेमासोबत चार पडेल सिनेमे न बघताच उचलावे लागत. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ही मक्तेदारी मोडली, तिथून स्टुडिओंना उतरती कळा लागली. आमच्या खान्देशात यात्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्याला हे शिकवावं लागत नसे. सिनेमाच्या रिळांची पेटी कुणाकडून, केवढ्याला मिळणार, ते आधी. हिरो कोण, ते मागाहून. सुप्रीम कोर्टाचा तो निकाल गेममध्ये नसेल तर अर्धी मजा गेली म्हणायची.