एलटीव्ही (दीर्घ मुदतीचा व्हिसा) म्हणजे नागरिकत्व नव्हे: 2014 नंतर सिंधमधून आलेल्यांनी हे नीट वाचा

पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबांमध्ये एक गैरसमज पसरतोय आणि तो महागात पडू शकतो. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्यासोबतच्या सवलत आदेशात 31 डिसेंबर 2024 ही तारीख आहे. त्यावरून अनेकांनी धरून चाललंय की सीएएची (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची) मुदतही दहा वर्षांनी पुढे गेली. तसं झालेलं नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या सहा अल्पसंख्याक समाजांतले जे लोक छळामुळे त्या तारखेपर्यंत इथे आले, त्यांच्याकडे वैध कागद नसले तरी शिक्षा होऊ नये, एवढंच हा आदेश सांगतो. सीएएखाली नागरिकत्व मागायचं असेल तर भारतात येण्याची शेवटची तारीख अजूनही 31 डिसेंबर 2014 हीच आहे.

म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन भावांचा मार्ग वेगळा असू शकतो. 2013 ला आलेला सीएएखाली अर्ज करेल. त्याचा पासपोर्ट संपलेला असला तरी चालतो, जुनं वीजबिल, बँकेचं किंवा पोस्टाचं खातं, भारतात मिळालेला विवाहाचा दाखला, अशा वीस प्रकारांपैकी कुठल्याही कागदाने तो आल्याची तारीख सिद्ध करू शकतो. मात्र त्या कागदावर 2014 संपण्याआधीची तारीख हवी. पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचं फक्त घोषणापत्र द्यायचं असतं.

2016 ला आलेल्या भावाला यातलं काहीच लागू नाही. त्याला नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 खाली नोंदणीचा अर्ज करावा लागतो. तो स्वतः किंवा त्याचे आई-वडील यांपैकी कुणी फाळणीपूर्व अखंड भारतात जन्मलेलं असेल, तर एकूण सात वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि त्यातले अर्जाआधीचे बारा महिने सलग. तसं कुणी नसेल तर कलम 6, आणि तिथे अकरा वर्षं अधिक शेवटचं सलग वर्ष. या मार्गावर तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘बेकायदा स्थलांतरित’ नसणं ही पहिली अट आहे. व्हिसाची मुदत संपली आणि एलटीव्हीचा अर्ज केलेला नाही, की माणूस त्याच व्याख्येत जाऊन पडतो. म्हणून 2014 नंतर आलेल्यांसाठी एलटीव्हीची मुदत हीच सगळ्यात महत्त्वाची तारीख. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या काही महिने आधीच ऑनलाइन भरा, कारण पोलिसांचा आणि गुप्तचर खात्याचा अहवाल यायला वेळ लागतो. अर्जाची पोच छापून ठेवा. घर बदललं तर आधी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवा, कारण जुन्या पत्त्यावर पोलीस आले आणि कुणी सापडलं नाही तर शेरा तुमच्या विरुद्धच जातो.

फाइल कुठे अडते? बहुतेक वेळा नावात. पासपोर्टवर फक्त स्वतःचं नाव असतं, वडिलांचं वेगळ्या रकान्यात. इथल्या शाळेत मुलाचा दाखला करताना मागे ‘-आणी’ लागलेलं आडनाव जोडलं जातं, आधारवर तिसरंच स्पेलिंग येतं. सुनावणीच्या दिवशी हे निस्तरत बसण्यापेक्षा, सगळी रूपं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या. आणि अटारी सीमेवरच्या प्रवेश शिक्क्याचं पान आजच रंगीत स्कॅन करा. शिक्क्याची शाई उडते आणि नंतर तारीख वाचता येत नाही.

एलटीव्हीवर बँक खातं, पॅन, वाहन परवाना, आधार मिळतं, राहण्यासाठी एक घर आणि धंद्यासाठी एक जागा घेता येते. मतदार ओळखपत्र मात्र मिळत नाही. एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. नागरिक नसताना मतदार अर्जावर नागरिक असल्याचं लिहून देणं हा गुन्हा आहे, आणि तोच कागद पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येतो.

नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना केंद्राने 2016 मध्ये नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय देण्याचे अधिकार दिले, म्हणून उल्हासनगरच्या लोकांचं काम ठाण्यात होऊ शकतं. हे चांगलं पाऊल होतं. पण नंतरची अडचण अजून तशीच आहे: कलम 5 खाली मंजुरीचं पत्र आलं, की पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागतात. त्यासाठी दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात जावं लागतं आणि पासपोर्ट संपला असेल तर आधी नवा काढावा लागतो. ज्या देशातून जीव मुठीत धरून माणूस निघाला, त्याच्याच दारात त्याला पैसे भरायला पाठवणं अन्यायाचं आहे. मुलांचं तर आणखी अवघड, कारण पाकिस्तानी कायद्यात 21 वर्षांखालच्या व्यक्तीला नागरिकत्व सोडता येत नाही. आणि इथे जन्मलेल्या लेकरालाही आपोआप नागरिकत्व मिळत नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-बाप दोघेही परदेशी असतील, तर ते मूलही परदेशी ठरतं. त्याची स्वतंत्र नोंदणी आणि त्याच्या नावाची एलटीव्ही लागते, आणि ती घ्यायची राहून गेलेली कुटुंबं खूप आहेत.

सीएएमध्ये घोषणापत्र पुरतं, तर कलम 5 मध्ये का नाही? गृह मंत्रालयाने नियमात एवढा एक बदल केला तरी या वस्त्यांमधल्या कितीतरी फाइली सुटतील. खासदारांना निवेदन देताना ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहा.